जुन्या पिकअपला भंगारातला एसी: जुनं काय चालतं, नवंच काय लागतं

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, मालासकट साडेतीन टनांपेक्षा जास्त वजनाच्या मालट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. बहुतेक पिकअप या वजनाच्या आत बसतात, म्हणून त्या सुटल्या. पंधरा-वीस वर्षं जुन्या गाड्यांचा तर प्रश्नच येत नाही. एप्रिलात पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि लासलगावहून उन्हाळ कांदा भरून वाशीला निघालेल्या ड्रायव्हरच्या डोक्यावर पातळ पत्रा, पायाशी इंजिनाची भट्टी. अशा गाडीला जुन्या सामानातून एसी बसवता येतो आणि तो वर्षानुवर्षं चालतोही. मात्र बसवलेले कितीतरी एसी दुसऱ्या उन्हाळ्यात गार पडतात ते वेगळ्या अर्थाने. कारण बहुधा एकच असतं, ओलावा.

म्हणून आधी एक नियम मनात पक्का करायचा. धातूचं सामान जुनं चालतं. ओलावा पिणारं किंवा वयाबरोबर कडक होणारं सामान नवंच लागतं. कॉम्प्रेसर, ब्रॅकेट, पुली, कंडेन्सर, कुलिंग कॉइलचा डबा आणि ब्लोअर भंगारातले घ्या. ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, सगळ्या ओ-रिंगा (जोडांतली रबरी कडी), होज (गॅसच्या रबरी नळ्या), तेल आणि बेल्ट मात्र दुकानातून नवे. या दुसऱ्या यादीत पैसे वाचवायला गेलात की पहिल्या यादीत वाचवलेले पैसेही जातात.

हे असं का, ते समजण्यापुरतं यंत्र पाहू. आर-१३४ए हा गॅस उघड्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो, आणि कुठलाही द्रव उकळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर गॅस दाबून तापवतो, पुढच्या जाळीतला कंडेन्सर त्यातली उष्णता वाऱ्याला देऊन त्याचा द्रव करतो, ड्रायर त्यातलं पाणी टिपतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तो द्रव बारीक भोकातून कुलिंग कॉइलमध्ये सोडतो. तिथे दाब एकदम पडल्यामुळे द्रव उकळतो, कॉइल गार होते, ब्लोअर त्यावरून हवा फेकतो. हे बारीक भोक म्हणजे सगळ्यात नाजूक जागा. गॅसात पाण्याचा अंश असेल तर तिथे बर्फाचा खडा धरतो आणि एसी चालू-बंद, चालू-बंद होत राहतो. पाणी, गॅस आणि तेल गरम जागी एकत्र आले की आम्लही तयार होतं, आणि ते ॲल्युमिनियम आतून खातं. ड्रायरमधले दाणे हे पाणी पितात खरे, पण भंगारात तोंड उघडं पडलेल्या ड्रायरने आपली तहान हवेतच भागवलेली असते.

दाता गाडी कोणती

सुटे भाग चार गाड्यांतून जमवण्यापेक्षा आपल्याच इंजिनाची एसी असलेली प्रवासी गाडी शोधा. महिंद्राच्या पिकअपवाल्यांची इथे चंगळ आहे. बोलेरो नाशिकच्याच कारखान्यात बनत आली, त्यामुळे तिचं जुनं सामान या भागात मुबलक मिळतं. इंजिन एकाच घराण्यातलं असेल तर कॉम्प्रेसरचं कारखान्यातलं ब्रॅकेट, क्रँकची जादा खाचेची पुली आणि बेल्ट ताणायचा आयडलर हे सगळं बोल्टासकट उचलून आणता येतं. या तीन वस्तू मिळाल्या तर अर्धं काम झालं असं समजा. कॉम्प्रेसर कुठलाही मिळतो, ब्रॅकेट मिळत नाही. सामानाचं बिल मागून घ्या आणि त्यावर दाता गाडीचा नंबर लिहून घ्या. चोरीच्या मालाचा संशय कधी आलाच तर तो कागद कामी येतो.

एका माणसाच्या, फार तर तिघांच्या केबिनला १४० ते १५५ सीसीचा कॉम्प्रेसर पुरेसा आहे. त्याहून मोठा लावला तर गारवा फारसा वाढत नाही, इंजिनावरचा भार मात्र वाढतो.

कॉम्प्रेसर विकत घेण्याआधी दुकानातच पाच गोष्टी पाहायच्या. पुली नव्हे, तिच्या पुढची क्लचची (पुलीला कॉम्प्रेसर जोडणारी-तोडणारी) थाळी हाताने फिरवा. किंचित विरोध करत ती एकसारखी फिरली पाहिजे. अडखळली तर आत जॅम आहे, अगदी पोकळ फिरली तर व्हॉल्व्हच्या पात्या गेल्या आहेत. मग पुली एकटी फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका. मल्टिमीटरने क्लचच्या कॉइलचा रोध मोजा. १२ व्होल्टच्या कॉइलचा तो ३ ते ४ ओहम येतो. १५ ओहमच्या आसपास आला तर ती बसमधली २४ व्होल्टची कॉइल आहे. पिकअपवर ती अर्धवट चिकटते, घसरते आणि जळते. क्लचची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ०.३ ते ०.६ मिलिमीटर भरावी. जास्त असेल तर सकाळी क्लच लागतो आणि दुपारी इंजिन तापल्यावर लागत नाही. हा दोष शोधता शोधता लोक सगळी वायरिंग बदलतात, उपाय मात्र थाळीखालचा एक शिम, म्हणजे पातळ चकती, काढण्याचा असतो. पाचवी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तेलाची. कॉम्प्रेसर उलटा करून थोडं तेल पांढऱ्या कागदावर घ्या. पिवळसर किंवा हिरवट असेल तर घ्या. काळं असेल आणि त्यात चांदीसारखी चमक दिसली तर कॉम्प्रेसर आतून झिजून फुटलेला आहे. तो तर सोडाच, त्या गाडीचा कंडेन्सरही घेऊ नका. पॅरलल फ्लो कंडेन्सरच्या केसासारख्या वाटांत अडकलेला तो चुरा कितीही धुतला तरी निघत नाही आणि चांगल्या कॉम्प्रेसरचाही जीव घेतो.

ब्रॅकेट आणि बेल्ट

तयार ब्रॅकेट मिळालं नाही तर ते करून घ्यावं लागतं, आणि बहुतेक जोडण्या इथेच फसतात. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात फॅब्रिकेशनची दुकानं आहेत, पत्रा हवा तसा कापून मिळतो. पण काय सांगायचं ते आपल्याला माहीत हवं. प्लेट १० मिलिमीटरची. ती इंजिनाच्या ब्लॉकला किमान तीन ठिकाणी, आधीपासून असलेल्या बोल्टच्या जागी धरली पाहिजे. कॉम्प्रेसरला चारही कानांतून आधार द्यायचा. दोनच कानांवर लटकवलेला कॉम्प्रेसर डिझेल इंजिनाच्या थरथरीत स्वतःचेच कान तोडतो. आणि कॉम्प्रेसर चासीला बांधण्याचा मोह अजिबात नको. इंजिन रबरी माउंटिंगवर डोलतं, चासी डोलत नाही. मधल्या मधे बेल्ट उडतो.

क्रँकची पुली १६० आणि कॉम्प्रेसरची १२५ मिलिमीटर असेल तर कॉम्प्रेसर इंजिनाच्या १.२८ पट फिरतो. म्हणजे ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला सुमारे हजार आणि ४००० ला पाच हजारांच्या आसपास. हे ठीक आहे. आयडलिंगला कॉम्प्रेसर हजाराच्या खूप खाली गेला तर उभ्या गाडीत गारवा मिळत नाही, आणि नाशिकच्या द्वारका चौकात अडकल्यावर तोच तर हवा असतो.

दोन्ही पुल्यांच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून चारही ठिकाणी टेकते का ते पाहा. मिलिमीटरभर तिरकेपणाही बेल्ट महिन्याभरात कुरतडतो. खाच कुठली तेही बघून घ्या. ए सेक्शनचा बेल्ट वर १३ मिलिमीटर रुंद असतो, बी सेक्शनचा १७. ए बेल्ट बी खाचेत घातला तर तो तळाला टेकतो आणि घसरून शिट्टी मारतो. पुली रिब्ड (चपट्या, बारीक रेघांच्या) बेल्टची असेल तर तिन्ही पुल्या तशाच हव्यात. बेल्ट ताणल्यावर ३०० मिलिमीटरच्या मोकळ्या भागावर अंगठ्याने जोरात दाबून तो ८ ते १० मिलिमीटर दबावा. नवा बेल्ट सुरुवातीला वाढतो, म्हणून दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा ताणा.

पुढची जाळी

कंडेन्सर पॅरलल फ्लोच घ्या. दोन्ही बाजूंना उभे पाइप आणि मधे चपट्या नळ्यांच्या आडव्या ओळी, ही त्याची खूण. एकच नळी नागमोडी फिरलेली दिसली तर तो जुन्या आर-१२ गॅसच्या काळातला असण्याचा संभव जास्त. जाळीमागे मावेल तेवढा मोठा घ्यावा. कॉम्प्रेसर लहान चालतो, कंडेन्सर लहान चालत नाही. रेडिएटरपासून २० ते २५ मिलिमीटर फट ठेवून भोवतीच्या कडा फोमच्या पट्टीने बंद करा, नाहीतर वारा सोपी वाट धरून बाजूने निघून जातो.

पुढे १२ इंची इलेक्ट्रिक पंखा हवाच. जुन्या पिकअपचा इंजिनावरचा पंखा आयडलिंगला जेमतेम वारा ओढतो. इलेक्ट्रिक पंखा पुढे बसणार म्हणजे तो मागे ढकलणारा, पुशर हवा. भंगारातले बरेच पंखे रेडिएटरच्या मागे बसून ओढणारे असतात. वायरी उलट केल्या तर मोटर उलटी फिरते, पण पात्यांचा बाक उलटत नाही, आणि वारा निम्माशिम्माच येतो.

कांदा वाहणाऱ्या गाडीला एक खास उपद्रव आहे. बाजार समितीच्या आवारात उडणारे कांद्याचे सुके पापुद्रे कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतात. पुढून जाळी स्वच्छ दिसते आणि मागे गोधडी झालेली असते. हंगामात दर पंधरा दिवसांनी इंजिनाच्या बाजूने पुढे अशी हवा मारा. पाण्याची जोरदार पिचकारी जवळून मारली तर फिन आडव्या होतात.

केबिनच्या आत

कुलिंग कॉइलचा डबा डाव्या बाजूला डॅशखाली लटकवणं सोपं पडतं. कॉइल आधी बाहेर काढून तिची माती धुवा. डब्याच्या तळातून निघणारी पाण्याची नळी सतत उताराने फरशीबाहेर गेली पाहिजे, सायलेन्सरवर टपकता कामा नये. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बाहेरच्या बल्बचा असेल तर तो बल्ब कॉइलमधून परत जाणाऱ्या नळीला क्लिपने घट्ट धरून इन्सुलेशन टेपने गुंडाळा. तो सुटा राहिला तर व्हॉल्व्हला कॉइल गरमच वाटते. तो उघडाच राहतो आणि न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचतो. द्रव दाबला जात नाही. कॉम्प्रेसर मोडतो.

छताच्या पत्र्याखाली आणि इंजिनाच्या बोनेटीवर फोमचं इन्सुलेशन, केबल जातात त्या भोकांना रबरी ग्रोमेट, दारांना नवं बीडिंग. ही कामं एसीची वाटत नाहीत, म्हणून कोणी करत नाही. पण मोठा कॉम्प्रेसर लावण्यापेक्षा यांचा उपयोग जास्त होतो.

होज आणि वायरी

होज बॅरियर जातीचाच घ्या. आत नायलॉनचा थर नसलेल्या जुन्या रबरातून आर-१३४ए हळूहळू पाझरतो. कॉम्प्रेसर ते कंडेन्सर १० मिलिमीटर, द्रवाची लाइन ८, आणि कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे येणारी १३ ते १६ मिलिमीटर आतल्या व्यासाची. टोकं मशीनवर क्रिम्प (दाबून पक्की) करून घ्यायची. जुबली क्लिप पाण्याच्या पाइपाला ठीक, इथे कॉम्प्रेसरच्या पुढे अडीचशे पीएसआय दाब असतो. क्रिम्प करण्याआधी होज गाडीवर धरून दोन्ही फिटिंग कुठल्या दिशेला वळतील त्याची चुन्याने खूण करा, नाहीतर पीळ पडलेला होज परत करायची पाळी येते. इंजिन हलतं, त्यासाठी थोडी सैल कमान ठेवा. ओ-रिंगला तेलाचं बोट लावून बसवा आणि दोन पान्यांनी आवळा. टेफ्लॉन टेप इथे वापरत नाहीत.

विजेचा हिशोब आधी कागदावर मांडा. ब्लोअर १५ अँपिअर, पुढचा पंखा १०, क्लच ४, हेडलाइट १०. वायपर आणि बाकीचं धरलं की चाळिशी ओलांडते. जुना अल्टरनेटर ३५-४५ अँपिअरचा असेल तर पावसाळी रात्री बॅटरी उतरणार हे ठरलेलं. दाता गाडीचा अल्टरनेटरही सोबत घ्या, ६५-७० चा असला म्हणजे निभतं. ब्लोअर, पंखा आणि क्लच तिघांना वेगळी रिले आणि वेगळा फ्यूज. क्लचच्या रिलेला जाणारी वायर आधी ब्लोअरच्या स्विचमधून, मग थर्मोस्टॅटमधून, मग प्रेशर स्विचमधून न्या. ब्लोअर बंद असताना कॉम्प्रेसर चालूच होऊ नये, नाहीतर कॉइलवर बर्फ धरतो. प्रेशर स्विच साधारण २८ पीएसआयच्या खाली आणि ४५० च्या वर क्लच तोडतो, मधल्या टप्प्यावर २२० च्या सुमारास पंखा लावतो. स्विचला बगल देऊन वायर थेट जोडणारे मिस्त्री असतात. गॅस गळून तेल फिरेनासं झालं की असा कॉम्प्रेसर कोरडा फिरून जळतो. क्लचच्या कॉइलला ३ अँपिअरचा डायोड आडवा लावा, पट्टीची बाजू पॉझिटिव्हला. त्याने स्विचचे पॉइंट टिकतात.

एसी लागला की आयडलिंग खाली येतं आणि गाडी थरथरते. डिझेलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो, पण ब्रेक बूस्टरसाठी पंप असतो. त्यावर चालणारा छोटा डायाफ्राम, जो डिझेल पंपाचा लिव्हर किंचित ओढतो, तोही दाता गाडीत असतो. विसरू नका.

धुणं, तेल, नायट्रोजन

कंडेन्सर, कुलिंग कॉइल आणि जुने धातूचे पाइप एसी फ्लशच्या द्रवाने धुऊन कोरड्या नायट्रोजनने फुंका. रॉकेल किंवा पेट्रोलचा अंश आत राहतो आणि तेल बिघडवतो. कॉम्प्रेसर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह फ्लश करत नाहीत.

कॉम्प्रेसरचं जुनं तेल हाताने दहा-पंधरा फेरे देत पूर्ण काढा आणि त्याच्या स्टिकरवर लिहिलेल्या जातीचं, लिहिलेलं तेवढंच भरा. पीएजी ४६ आणि पीएजी १०० या तेलाच्या जाती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सगळी यंत्रणा धुतलेली असेल तर पूर्ण मात्रा द्यायची. जास्त तेल म्हणजे जास्त संरक्षण नव्हे. ते कॉइलच्या भिंतींवर बसून गारवा कमी करतं. पीएजी हवेतलं पाणी झपाट्याने पितं, म्हणून लहान डबा आणा. महिनाभर उघडा राहिलेला डबा फेकून द्या.

ड्रायर सगळ्यात शेवटी, टोप्या काढल्या काढल्या जोडायचा. मग १५० पीएसआय नायट्रोजन भरून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा आणि रात्रभर ठेवा. ऑक्सिजनचा सिलिंडर जवळ आहे म्हणून तो वापरणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण, तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र पेट घेतात. सकाळी काटा १४० वर दिसला तर लगेच गळती शोधू नका. दुपारच्या ३८ अंशांवरून पहाटेच्या २० वर आलं की तेवढा दाब नुसत्या थंडीने उतरतो. दुपारी पुन्हा १५० दाखवला तर जोड पक्के आहेत.

व्हॅक्यूम आणि गॅस

व्हॅक्यूम हवा काढण्यासाठी असतो तसा आतलं पाणी उकळवून बाहेर ओढण्यासाठीही असतो. त्यासाठी टू-स्टेज पंप लागतो. फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरचा केलेला पंप हवा काढतो, पाणी काढण्याइतका खोल जात नाही. उन्हाळ्यात ४५ मिनिटं, पावसाळ्यात दीड तास. एक बारकावा इथल्यासाठी: पुस्तकात व्हॅक्यूमचा २९ इंच पाऱ्याच्या वरचा आकडा असतो, तो समुद्रकिनाऱ्याचा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, इथे पंप कितीही चांगला असला तरी काटा २८ च्या आसपासच थांबतो. नळी बंद करून अर्धा तास तो हलला नाही, एवढं पाहायचं.

गॅस वजनकाट्यावर भरा. सिंगल केबिनच्या अशा जोडणीला बहुधा ५५० ते ७०० ग्रॅम लागतो. पहिले ४५० ग्रॅम भरून इंजिन १५०० फेऱ्यांवर धरा, दारं उघडी, ब्लोअर पूर्ण. मग ५०-५० ग्रॅमने वाढवत जा. डबा उभा ठेवायचा, म्हणजे वाफ जाते. उलटा केला तर द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरतो. इंजिन चालू असताना गेजचा लाल, हाय साइडचा (जास्त दाबाच्या बाजूचा) व्हॉल्व्ह कधीही उघडू नका, डबा हातात फुटतो. ३५-३८ अंशांच्या दुपारी लो साइड (कमी दाबाची बाजू) ३० ते ४० आणि हाय साइड २०० ते २५० पीएसआय आली की थांबा. ड्रायरच्या काचेतले बुडबुडे जाईपर्यंत भरत राहण्याची सवय आर-१२ च्या काळातली आहे, आर-१३४ए मध्ये तेवढ्याने गॅस जास्त होतो.

स्वस्तातला अनोळखी डबा टाळा. भेसळीत आर-४० हा गॅस निघाला तर तो ॲल्युमिनियमशी झगडतो आणि त्यातून पेट घेणारी संयुगं बनतात. घरगुती गॅस भरण्याची युक्तीही कोणी सुचवतं. थंडावा येतो, पण डॅशखाली एक जोड गळला की बंद केबिनमध्ये एका ठिणगीचं काम उरतं.

काट्यांवरून दोष असा वाचा. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही वर असतील तर गॅस जास्त, किंवा कंडेन्सरला वारा नाही. आधी पंखा आणि पापुद्रे बघा, मग गॅस काढा. लो साइड शून्याखाली जाऊन थोड्या वेळाने आपोआप वर आली तर व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो आहे, म्हणजे ड्रायर आणि व्हॅक्यूम पुन्हा. लो वर आणि हाय खाली, दोघे एकमेकांकडे सरकलेले दिसले तर कॉम्प्रेसरच्या पात्या संपल्या. गॅस काढायचा झाला तर मशीनने ओढून घ्या, हवेत सोडू नका. हवामान तापवण्यात एक किलो आर-१३४ए सुमारे १४०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरतात.

वाशीच्या फेरीत एक गोष्ट ड्रायव्हरच्या बाजूने आहे. भरलेली गाडी कसारा घाट उतरते आणि रिकामी चढते. तरीही साठ-पासष्ट अश्वशक्तीच्या इंजिनातून कॉम्प्रेसर चारेक खेचतो आणि रेडिएटरला आधीच तापलेला वारा मिळतो. चढाला तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून हलला की एसी बंद करून ब्लोअर तेवढा चालू ठेवा.

हिवाळ्यात आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावा, शाफ्टचं सील तेलाने ओलं राहतं. ते दुपारी करा. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा कधी पाचाच्या खाली येतो, आणि शून्याजवळ गॅसचा दाबच २८ पीएसआयवर उतरतो. थर्मोस्टॅटही कॉइल गारच आहे म्हणून सांगतो. अशा पहाटे क्लच लागला नाही तर गॅस गेला असं समजून गॅरेज गाठू नका. ऊन चढल्यावर पुन्हा लावून बघा.